आरटीपीसीआरच्या रिपोर्टवर व्हेरिएंट का नसायचा? मग नवीन आलाय हे कळायचं कसं?

उगाच_विचारतो
मंडळी, २०२१ ला आमच्याकडे अमरावतीत फेब्रुवारीतच केसेस वाढल्या होत्या, बाकी राज्याच्या आधी लॉकडाऊन पण लागला, पण 'डबल म्युटंट' (दोन खास बदल असलेला व्हायरस) टीव्हीवर यायला मार्च संपत आला आणि डेल्टा हे नाव तर मे अखेरीस. घरात आम्ही सगळे पॉझिटिव्ह, रिपोर्टवर फक्त सीटी व्हॅल्यू (व्हायरस किती आहे याचा अंदाज देणारा आकडा). हे लोक व्हेरिएंट शोधतात कसा आणि एवढा उशीर का लागतो?

पिपेटवाली
लॅबमध्ये होते तेव्हा, म्हणून सांगते. आरटीपीसीआर व्हायरसचे दोन-तीन ठरलेले तुकडेच बघते, आहे की नाही एवढंच. अख्खा जीनोम, म्हणजे व्हायरसचा पूर्ण जनुकीय मजकूर, साधारण ३० हजार अक्षरांचा, तो वाचायचा तर सिक्वेन्सिंग. त्यात सीटी जास्त असेल तर व्हायरस कमी, मग मध्येमध्ये गाळलेल्या जागा येतात, म्हणून कमी सीटीवालीच सॅम्पल निवडायची. परत मशीन एका सॅम्पलसाठी कोण चालवणार, बॅच भरेपर्यंत थांबा. आणि खरा वैताग म्हणजे फॉर्म! सॅम्पल कधी घेतलं, कुठल्या जिल्ह्यातलं, हेच कोरं. तसला सिक्वेन्स कितीही चांगला आला तरी पसरण्याबद्दल काही सांगत नाही.

मुंजा_झाडावरचा
+१. यात भर घालतो. हा व्हायरस सरासरी महिन्याला दोनेक बदल करतो, त्यावरून वंशावळ मांडता येते, कोण कुणाची शाखा ते. पण नुसती नवी शाखा दिसली म्हणजे धोका नाही, अशा ढीगभर येतात आणि मरतात. बघायचं असतं ते हे की एकूण सॅम्पलमध्ये तिचा वाटा आठवड्यागणिक वाढतोय का, आणि एकाच गावात की वेगवेगळ्या जिल्ह्यांत. एखाद्या लग्नातून पसरला तर साधा व्हेरिएंटसुद्धा त्या तालुक्यात जोरात दिसणार.

बी.१.६१७ ची, म्हणजे याच 'डबल म्युटंट'च्या शाखेची, भारतातली सुरुवातीची सॅम्पल ऑक्टोबर २०२० ची आहेत. इन्साकॉग, म्हणजे व्हेरिएंट शोधणाऱ्या लॅबचं सरकारी जाळं, डिसेंबरात स्थापन झालं, सुरुवातीला देशभरात मिळून १० लॅब. २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के सॅम्पलमध्ये ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल सापडतायत, म्हणजे तोवर तो चांगला मुरला होता. गंमत म्हणजे यातला ई४८४क्यू पुढे जगभर गेलेल्या डेल्टात, म्हणजे बी.१.६१७.२ मध्ये, नाहीच! टीव्हीवाले डबल डबल ओरडत होते आणि बाजी भलत्याच भावंडाने मारली.

चहा_बिस्किट
एवढं करून काय मिळतं राव? पेशंटला औषध तेच, पॅरासिटामॉल आणि वाफ.

पिपेटवाली
तेच नाही हो. कॅसिरिव्हिमॅब-इमडेव्हिमॅबचं महागडं अँटीबॉडी कॉकटेल डेल्टाला चालायचं, ओमिक्रॉनवर जवळजवळ निकामी. बदल माहीत नसते तर लोक पैसे ओतत बसले असते. आणि ओमिक्रॉन बघा किती पटकन पकडला. दक्षिण आफ्रिकेत काही लॅबच्या लक्षात आलं की पीसीआरमध्ये बाकी जीन लागतायत, एस जीनच, म्हणजे स्पाइक या व्हायरसवरच्या काटेरी प्रोटीनचा जीन, लागत नाही. स्पाइकमधली दोन अमिनो आम्लं, ६९ आणि ७० नंबरची, गळाली होती आणि प्रोब (चाचणीतला शोधणारा तुकडा) तिथेच बसायचा. डेल्टात ती जागा शाबूत, आणि तेव्हा तिथे सगळीकडे डेल्टाच, त्यामुळे हे वेगळं उठून दिसलं. मग तीच सॅम्पल सिक्वेन्सिंगला. २४ नोव्हेंबर २०२१ ला डब्ल्यूएचओला कळवलं, २६ ला नाव पडलं. फक्त बीए.२ या ओमिक्रॉनच्याच उपशाखेत ती खूण नव्हती, तिथे ही युक्ती बोंबलली.

उगाच_विचारतो
भारी माहिती, धन्यवाद दोघांना. मग आमचं सॅम्पल कुठला व्हेरिएंट होता ते आता विचारता येईल का कुठे?

मुंजा_झाडावरचा
विसरा :) मोजकंच एखादं सॅम्पल पुढे जायचं, आणि ते तुमच्यासाठी नाही तर जिल्ह्याचा कल बघायला. एप्रिल-मे मधलं असेल तर डेल्टा धरून चाला, फेब्रुवारीतलं असेल तर पैज लावू नका.