मदत हवी आहे : वाचनालयाच्या माडीवर आता भार नको, पण पुस्तकं ठेवायची कुठे?

नमस्कार मंडळी. आमच्या गावचं 'ब' वर्ग (सरकारी अनुदानाच्या वर्गवारीतलं) वाचनालय जुन्या लाकडी माडीच्या वाड्यात आहे. कपाटं भरून आता जिन्यातही गठ्ठे आलेत आणि माडीची एक तुळई मधोमध वाकलीय. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात. ग्रंथसाठ्याला ६०० तरी लागतो. म्हणजे कपाटं खाली आणायला हवीत, पण तळमजल्याला पावसाळ्यात ओल! (जुने दिवाळी अंक काढू म्हटलं तर भांडणंच होतात, ते वेगळं.) राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून (सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था) इमारतीसाठी अर्थसाहाय्य मिळतं. कुणी तसा प्रस्ताव केलाय का? जागा भाड्याची असेल तर चालतं? आणि तोवर आधी काय हलवावं?