मदत हवी आहे: कुळागराशेजारच्या घरात छोटा टेरियर कुत्रा निभेल का? कोणता घ्यावा?

माडाखाली:

नमस्कार मंडळी. आमच्याकडे छोट्या जातीचा टेरियर आणायचं घाटतंय. पिल्लू दारात आल्यावर विचारत बसण्यापेक्षा आधीच विचारून घ्यावं म्हणून हा धागा काढला. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देताना आमचं घर तुमच्या डोळ्यांसमोर राहील.

घर फोंडा तालुक्यात, मागच्या दाराला लागून कुळागर. पोफळी, माड, त्यांवर चढवलेली मिरवेल, मधून वाहणारा पाट, आणि भोवती जुना चिऱ्यांचा गडगा. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी येते इतकी ओल असते. माणसं चार: सासूबाई, आम्ही दोघं आणि सातवीतली लेक. सासूबाईंचे गुडघे दुखतात, काठी घेऊन चालतात. यजमान वेर्ण्याला नोकरीला, मी दुपारपर्यंत शाळेत. शिवाय वयस्क बोका आहे, तो दिवसभर सोप्यावर झोपून असतो.

कुत्री आमच्याकडे पूर्वापार होती, पण सगळी गावठी. अंगणात राहायची, शीत-हुमण, म्हणजे भात आणि नारळाच्या रसातलं माशांचं कालवण, खायची. कंगवा, कात्री असलं काही त्यांना कधी लागलं नाही. त्यामुळे केसाळ जातीची निगा हा प्रकार आम्हाला पूर्ण नवा आहे.

घरात तीन मतं आहेत. लेकीला वेस्टी हवाय, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर. बेळगावचा एक जण पिल्लू द्यायला तयार आहे. यजमानांचा जीव जॅक रसेलवर. मला वाटतं यॉर्कशायर टेरियर सासूबाईंच्या मांडीवर छान मावेल. त्यांचं स्वतःचं म्हणणं एवढंच, "ल्हानशें सुणें हाडात." म्हणजे लहानसं कुत्रं आणा.

आपल्या दमट हवेत यातल्या कुणाची कातडी टिकेल? घरच्या घरी केसांची निगा कितपत जमते? कुळागरात साप आहेत, त्याचं काय करायचं? बोक्याशी पटेल का? आणि आपलं जेवण त्याला चालेल का? ज्यांनी गोव्यातच अशी कुत्री पाळली आहेत त्यांनी कृपया लिहा.

---

लालमाती:

ताई, माझ्याकडे मडगावात वेस्टी आहे, म्हणून तेवढ्यापुरतं नक्की सांगू शकतो. कुत्रा सोन्यासारखा. आनंदी, धीट, पोरांत रमणारा. पण ही जात स्कॉटलंडच्या थंड डोंगराळ मुलखातली. अंगावर केसांचे दोन थर, वर राठ आणि आत दाट मऊ. त्यात या जातीला त्वचेच्या ॲलर्जीचा त्रास फार. खाज बहुधा पहिल्या तीन वर्षांतच डोकं वर काढते, म्हणजे पिल्लू घेताना ती दिसत नाही. धुळीतले सूक्ष्म किडे आणि बुरशी ही ॲलर्जीची मोठी कारणं, आणि आपल्या पावसाळ्यात दोन्हींची चंगळ असते.

आमचा पावसाळ्यातला दिवस असा जातो. बाहेरून आला की चारही पाय साध्या पाण्याने धुवायचे. मग टॉवेलने टिपायचे, आणि बोटं एकेक फाकवून मधली जागा कोरडी करायची. हे राहिलं की तो पंजा चाटत बसतो आणि पांढरे केस तांबूस होतात. तो रंग मातीचा नसतो, लाळेचा असतो. त्यावर आंबूस वास यायला लागला की यीस्ट ही कातडीवरची बुरशी वाढली असं समजायचं. कान उलटून रोज बघायचे, वास घ्यायचा. औषधी शाम्पू डॉक्टरांनी सांगितलेला, तो अंगावर दहा मिनिटं ठेवून मग धुवायचा. लावला की लगेच धुतला तर उपयोग होत नाही. पावसात वातानुकूलित खोली, आणि सहज न संपणारा डॉक्टरांचा खर्च.

मी हे सगळं आनंदाने करतो. पण फ्लॅटमध्ये राहून करतो. मागच्या दारी पाट आणि लाल चिखल असताना वेस्टी आणणं मला त्या जिवावर अन्याय वाटतं. लेकीला समजावा.

---

कातरवाली:

मी म्हापशात कुत्र्यांचं ग्रूमिंग करते. केसांबद्दल बोलते.

तुमच्या यादीतल्या तिघांचे केस तीन तऱ्हांचे आहेत. यॉर्कीचे माणसाच्या केसांसारखे, एकच थर, रेशमी, सतत वाढणारे. गळतात कमी, पण गुंततात फार. जमिनीपर्यंत लोळणारे केस असतात ते प्रदर्शनातले. आपल्या हवेत केस सगळीकडून आखूड ठेवायचे, तोंडाभोवती आणि शेपटीखाली आणखी आखूड. सहा-आठ आठवड्यांनी कापून घ्यायचे. तरीही रोज पाच-दहा मिनिटं कंगवा हवाच. गुंता कुठे होतो ते सांगते: कानामागे, काखेत, आणि हार्नेसचा, म्हणजे छातीभोवती बांधायचा, पट्टा घासतो तिथे. वरवर ब्रश फिरवला तर केस सुटलेले दिसतात आणि कातडीजवळ गाठ तशीच राहते. म्हणून एका हाताने केस वर धरायचे, खालची एक ओळ मोकळी करायची, मग त्यावरची. बारीक दातांचा स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडकला नाही, तर झालं. आणि गुंता अंघोळीच्या आधी सोडवायचा. पाणी लागलं की गाठ आवळते, मग कापण्यावाचून मार्ग नसतो.

वेस्टीचे राठ केस खरं तर हाताने उपटून काढायचे असतात, त्याला स्ट्रिपिंग म्हणतात. मेलेला केस सहज येतो, कुत्र्याला दुखत नाही. मशीन मारलं की केस हळूहळू मऊ पडतात. घरच्या कुत्र्याला मशीन मारलं तर काही बिघडत नाही, मात्र उन्हाळा आला म्हणून कातडीपर्यंत भादरून घेऊ नका. गोऱ्या कातडीच्या कुत्र्याला ऊन भाजतं.

आखूड केसांच्या जॅक रसेलला आठवड्यातून एकदा रबरी हातमोज्याचा ब्रश पुरतो. लोकांना वाटतं आखूड केस म्हणजे गळती नाही. उलट आहे. ते बारीक टोकदार केस सोफ्याच्या कापडात रुततात आणि निघता निघत नाहीत.

अंघोळ तीन-चार आठवड्यांनी, कुत्र्यांच्याच शाम्पूने. आपला शाम्पू त्यांच्या कातडीला चालत नाही. पावसाळ्यात अंघोळीपेक्षा वाळवणं महत्त्वाचं: ड्रायर थंड किंवा कोमट हवेवर, पोट आणि काखा शेवटपर्यंत कोरड्या. नखं तीन-चार आठवड्यांनी. नख काळं असेल तर आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून टोकाचा तांदळाएवढाच तुकडा काढायचा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. दात रोज घासायचे, पेस्ट कुत्र्यांचीच. यॉर्कीचा जबडा इवलासा, दात दाटीने येतात, काही वेळा दुधाचे दात पडतच नाहीत. सात-आठ महिन्यांचा झाला की डॉक्टरांकडून तोंड बघून घ्या.

---

रानवाट:

जॅक रसेल पाळतो, सत्तरी तालुक्यात. जॉन रसेल (1795–1883) या इंग्लंडमधल्या धर्मगुरूने कोल्ह्याच्या शिकारीसाठी वाढवलेली ही जात. कोल्हा बिळात शिरला की मागोमाग आत जायचं, हे तिचं काम. पाच-सहा किलोचा जीव, पण ते काम रक्तात आहे. तुमच्या गडग्यात उंदीर असणार, उंदरामागे साप असणार, आणि सापामागे हा असणार. बिळाशी पोचला की हाक ऐकू येत नाही त्याला.

माझा कुंपणाच्या आत मोकळा असतो, बाहेर दोरीशिवाय नाही. गडग्याला पाणी जायला ठेवलेली भोकं जाळीने बंद केली, आणि जाळी वीतभर जमिनीत पुरली, नाहीतर उकरून जातो. पाचोळा आणि झावळ्यांचे ढीग घरापासून लांब. पावसात मोठे खरबरीत बेडूक निघतात, भेक. ते तोंडात धरले की फेस येतो. तेव्हा मान खाली ठेवून ओल्या फडक्याने हिरड्या पुन्हा पुन्हा पुसायच्या आणि डॉक्टर गाठायचा.

साप चावला तर कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. कापणं, चोखणं, बांधणं काही नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर प्रतिविष मिळतं. कुळागरातला चापडा मात्र त्यात धरलेला नाही, त्यावर डॉक्टर बाकीचे उपचार करतात. प्रतिविष कुठल्या दवाखान्यात असतं आणि रात्री कोण फोन उचलतं, हे आजच विचारून ठेवा. त्या वेळी शोधत बसायला वेळ नसतो. आणि कुठलंही छोटं कुत्रं रात्री बाहेर ठेवू नका. बिबटा कुत्री उचलतो हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे.

काठी घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात जॅक रसेलचं पिल्लू मी तरी देणार नाही. ते सतत पायांत येतं. रोज तासभर दमवलं नाही तर चपला, खाटेचे पाय, सगळं कुरतडतं. तुमच्याकडे दमवणार कोण?

---

माडाखाली:

तिघांचेही मनापासून आभार. लालमाती यांचं पाय धुण्याचं वर्णन लेकीला वाचून दाखवलं, ती गप्प झाली. मग म्हणाली, त्याला खाजच सुटणार असेल तर नको. बेळगावला तसं कळवलं.

रानवाट, दमवणार कोण याचं खरं उत्तर "कोणीच नाही" असं आहे. यजमान सात वाजता परततात. मग यॉर्कीच राहतो. पण तो इतका नाजूक की भीती वाटते. गोचिडांचं आणि खाण्याचंही कोणीतरी सांगा.

---

म्हापसेकर काका:

ताई, यॉर्की नाजूक असतो, पण भित्रा नसतो. त्याच्या जपणुकीच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. प्रौढ वजन सव्वातीन किलोपर्यंत. "टीकप" म्हणून त्याहून बारीक पिल्लू कोणी देऊ केलं तर घेऊ नका, ती आजारीच राहतात. श्वासनलिका कमजोर असते, म्हणून गळ्यात पट्टा फक्त नाव-नंबरासाठी, दोरी हार्नेसला. गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून सोप्यावरून उड्या नकोत, एक ठेंगणी पायरी करून द्या. पिल्लू उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून लटपटतं. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला हवं. लटपटलंच तर हिरडीला मध चोळायचा आणि दवाखाना. तुम्ही दुपारपर्यंत बाहेर, म्हणून मी सांगेन की पिल्लू नको, दोन-तीन वर्षांचा शांत कुत्रा बघा. गोव्यातल्या निवाऱ्यांत जातिवंत कुत्रीही येतात. तिथे आधी नाव नोंदवा. प्रौढ कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, मांजराशी कसा वागतो तेही बघून घेता येतं.

पिल्लूच घ्यायचं ठरलं तर 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आई दाखवा म्हणायचं. रस्त्यात, गाडीच्या डिकीतून पिल्लू देणाऱ्याकडून घेऊ नये.

गोचिडांचं नीट ऐका. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातही वाढते, भिंतीच्या आणि चिऱ्यांच्या फटींत अंडी घालते. तिच्यामुळे एर्लिकिया आणि बबेसिया हे ताप होतात. कुत्रं खात नाही, अंग गरम, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त किंवा लघवी कॉफीच्या रंगाची, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचिडाची गोळी वजनावर असते, मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून छोट्याला द्यायची नाही. आणि तुमच्या घरात बोका आहे म्हणून मुद्दाम सांगतो: मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराचा जीव घेतं. दुकानातून परस्पर काही आणू नका, डॉक्टरांना बोक्याबद्दल सांगूनच औषध घ्या.

लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, लस पावसाआधी, कारण पाटाच्या पाण्यात उंदरांची लघवी असते. मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार यांच्या लसीकरण मोहिमेनंतर 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तरी दरवर्षीचं इंजेक्शन चुकवायचं नाही. ते नियंत्रण त्या इंजेक्शनांवरच उभं आहे.

खाणं: उकडलेला बांगडा काटे काढून, मऊ भात, थोडा भोपळा, हे अधूनमधून चालेल. रोजचं मुख्य खाणं छोट्या जातीचं तयार अन्नच ठेवा. हुमण नाही. त्यातला कांदा-लसूण रक्त बिघडवतो, आणि नारळाच्या रसाची चरबी यॉर्कीच्या स्वादुपिंडाला झेपत नाही. मनुका-बेदाणे, चॉकलेट, शिजवलेली हाडं अजिबात नाहीत. सासूबाईंना हे आधी सांगा, कारण पानातला घास प्रेमाने तिथूनच जातो.

---

माडाखाली:

काका, अगदी हवं ते मिळालं. सासूबाईंना वाचून दाखवलं. केस विंचरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय, मांडीवर घेऊन बसता येईल म्हणून. उद्या दोन निवाऱ्यांना फोन करते, प्रौढ यॉर्की किंवा तसाच मिश्र असला तरी चालेल असं सांगून.

शेवटचं एकच. कुत्रं चवथीनंतर लगेच आणावं की दिवाळी होऊ द्यावी? आमच्या वाड्यावर नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत मोठमोठ्याने गाणी लावतात.

---

कातरवाली:

दिवाळी होऊ द्या ताई. नव्या घरात आलेलं कुत्रं त्या आवाजाने बिथरून पळालं तर त्याला परतीची वाटही माहीत नसते. दिवाळीनंतर आणलंत की मेपर्यंत कोरडे महिने मिळतात. तेवढ्यात कंगवा, नखं, पाय धुणं, सगळ्याची सवय लागते. पाय कोरडे असतानाही रोज फडक्याने पुसायचा सराव करा, म्हणजे पावसात झटापट होत नाही. पुढच्या चवथीच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोला, घाबरट निघाला तर आधीपासून द्यायचं औषध असतं. आवाजाच्या रात्री आतली खोली, खिडक्या बंद, पंखा चालू, आणि कोणीतरी जवळ.

---

रानवाट:

मधल्या काळात गडग्याची जाळी उरकून घ्या. पाऊस थांबला की लगेच गवंडी सांगा, जानेवारीनंतर सगळे घरांच्या कामांना गुंततात. जाळीची भोकं बोटभरापेक्षा मोठी नकोत. यॉर्कीचं डोकं जातं तिथून तो अख्खा जातो.