पहिली कादंबरी स्वतः प्रकाशित करावी का, आणि ती वाचकांपर्यंत कशी न्यावी?

माणदेशी

सप्रेम नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमच्या आणि शेजारच्या खानापूर तालुक्यातील कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी दोन-तीन पिढ्यांपासून देशभर पांगली आहेत. माझे थोरले चुलते त्यांपैकीच एक. वयाच्या चौदाव्या वर्षी ते कोइमतूरला भट्टीवर गेले आणि यात्रेला गावी आले की मुशीतल्या चांदीचे, तेजाबाच्या धुराचे आणि परमुलखातल्या पहिल्या दिवाळीचे किस्से आम्हा मुलांना सांगत. त्या आठवणींतून, सहा वर्षांच्या लेखनानंतर, सुमारे बासष्ट हजार शब्दांची माझी पहिली कादंबरी पूर्ण झाली आहे.

दोन प्रकाशकांकडून उत्तर आले नाही. तिसऱ्यांनी कादंबरी आवडल्याचे कळवले, मात्र हजार प्रतींच्या छपाईचा सगळा खर्च मी द्यावा, त्यातील तीनशे प्रती मला मिळतील आणि उरलेल्यांची विक्री ते पाहतील, असे सुचवले. विकलेल्या प्रतींचा हिशेब मला कधी आणि कसा मिळेल याचा करारात उल्लेखच नव्हता. म्हणून पुस्तक स्वतः काढण्याचा विचार मनात आला आहे. किती प्रती छापाव्यात, पैसा प्रथम कशावर खर्च करावा, आणि स्वतःच्या पुस्तकाविषयी स्वतःच बोलताना जो संकोच वाटतो त्यातून मार्ग कसा काढावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

अक्षरजुळणीकार

माणदेशी सर, पुण्यात गेली तीस वर्षे मी पुस्तकांची अक्षरजुळणी करतो. प्रथम कराराविषयी. छपाईचे पैसे जर आपले असतील तर छापलेली प्रत्येक प्रत आपली असली पाहिजे, आणि ती कोणाच्या गोदामात ठेवायची तर पावती व दर सहा महिन्यांचा लेखी हिशेब ठरला पाहिजे. हे मान्य नसेल तर तो करार करू नये, असे मी अगदी स्पष्टपणे सांगेन.

पैसा प्रथम संपादनावर आणि मुद्रितशोधनावर खर्च करावा, मुखपृष्ठावर त्यानंतर, आणि जाहिरातीवर काही उरलेच तर. स्वतः पुस्तक काढणारे बहुतेक लेखक नेमका उलटा क्रम धरतात आणि चकचकीत मुखपृष्ठाच्या आत पानोपानी चुका राहतात. सहा वर्षे ज्या मजकुरावर आपली नजर फिरली आहे त्यातल्या चुका आपल्याला दिसणे जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी तिऱ्हाईत डोळे लागतात, आणि तेही पडद्यावर नव्हे तर कागदावरच्या मुद्रितांवर.

आपली फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आहे की जुन्या फाँटमध्ये, हेही आधी पाहून घ्यावे. अजून अनेक ठिकाणी जुळणी श्रीलिपीसारख्या जुन्या प्रणालीत होते आणि एका प्रणालीतून दुसरीत मजकूर नेताना अक्षरे बिघडतात. गेल्याच वर्षी माझ्याकडे आलेल्या एका कादंबरीत ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ हे शब्द सर्वत्र ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे उमटले होते. डोंगराच्या जागी समुद्र आला होता आणि लेखकाच्या ते लक्षात आले नव्हते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘गाळणाऱ्या’ असे शब्द शोधून एकेक तपासावेत. आपल्या कादंबरीत सोने गाळणारे आणि वारा पुष्कळ असणार, म्हणून हे आवर्जून सांगतो. त्याचबरोबर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची न येता मराठी वळणाची येतील असा फाँट निवडावा. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण पान परके वाटते.

बासष्ट हजार शब्द डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या, आकारात साधारण २२४ पानांत बसतील, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा-सोळा पानांचे चौदा फॉर्म. पहिल्या खेपेला डिजिटल छपाईवर दोनशेच प्रती काढाव्यात. प्रत थोडी महाग पडते, परंतु पहिल्या दोनशे वाचकांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त करता येतात आणि घरातल्या पलंगाखाली गठ्ठे साचत नाहीत. मागणी पाचशेच्या पुढे जाते आहे असे दिसले की ऑफसेटकडे, म्हणजे मोठ्या संख्येला स्वस्त पडणाऱ्या छपाईकडे, वळावे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची आंतरराष्ट्रीय ओळख असलेला क्रमांक, केंद्र शासनाच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही अर्ज करता येतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. आपण स्वतः प्रकाशक झालात की १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवणे हीही आपली जबाबदारी ठरते. हे ओझे मानू नये. पन्नास वर्षांनी गलाईवर अभ्यास करणाऱ्याला आपले पुस्तक सापडेल ते तिथेच.

ग्रंथसखी

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. सर, काहीही छापण्याआधी एक गोष्ट करावी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचे एकही पुस्तक आलेले नाही अशांच्या हस्तलिखितासाठी ती असते. पुस्तक एकदा छापून झाले की ही दारे बंद होतात. निर्णयाला वेळ लागतो हे खरे, पण सहा वर्षे लिहिण्यात घालवलेल्या माणसाने आणखी काही महिने थांबायला हरकत नसावी.

वाचनालयांविषयी लेखकांचा एक गैरसमज दिसतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात हजारो शासनमान्य वाचनालये आहेत, तेव्हा प्रत्येकाने एक प्रत घेतली तरी आवृत्ती संपेल, असे गणित मांडले जाते. प्रत्यक्षात आमची खरेदी अनुदानावर चालते, अनुदान हप्त्यांनी येते, आणि बहुतेक वाचनालये ठरलेल्या विक्रेत्याकडून सवलतीत एकगठ्ठा पुस्तके घेतात. टपालाने आलेली, सोबत देयक जोडलेली अनोळखी पुस्तके बहुधा कपाटावर पडून राहतात. याउलट जो लेखक स्वतः येतो, आमच्या वाचकांसमोर अर्धा तास बसून एखादे प्रकरण वाचतो, त्याचे पुस्तक त्याच संध्याकाळी नोंदवहीत चढते. आमच्याकडे गेल्या वर्षी एक लेखिका अशा आल्या होत्या. त्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डकवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर आता जागा उरलेली नाही, दुसरी चिठ्ठी चिकटवावी लागली. इतका फिरलेला ग्रंथ पाहून वाचक तो आपणहून मागतात. विटा, आटपाडी, सांगोला, जत असा आपल्याच टापूत एक फेरा करावा. मुंबई-पुण्याचे नंतर पाहता येईल.

नदीकाठ

माझी कादंबरी कोयना धरणात गेलेल्या एका गावाविषयी आहे आणि ती मी स्वतःच काढली. संकोचाविषयी आपण जे लिहिले आहे ते मी पुरते अनुभवले आहे. शहरात सभागृह घेऊन प्रकाशन केले, साठ माणसे आली, चौदा प्रती गेल्या. पुढे दोन महिन्यांनी रायगड जिल्ह्यातील एका पुनर्वसित वस्तीत, मारुतीच्या देवळासमोर, मी एक प्रकरण वाचले. वाचन संपल्यावर एका आजींनी पुस्तक हातात घेतले. त्यांना वाचता येत नव्हते. मुखपृष्ठावर बुडालेल्या देवळाचे रेखाचित्र आहे, त्याच्या शिखरावरून त्यांनी बोट फिरवले आणि नातवाला सांगितले, “दोन घे, एक तुझ्या आत्याला धाडायची.” तेव्हापासून मी ‘माझे पुस्तक घ्या’ असे म्हणत नाही, ज्यांचे हे आहे त्यांच्यापुढे ते वाचतो.

आपले वाचक तर देशभर आहेत. गलाई बांधवांचे व्हॉट्सॲप गट असतीलच. त्यांवर जाहिरात न टाकता चुलत्यांच्या पहिल्या दिवाळीचे प्रकरण आपल्या आवाजात दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून पाठवावे. दिवसभर भट्टीवर असलेला माणूस वाचण्याआधी ऐकेल. यात्रेला सगळे गावी येतात तेव्हा प्रती तयार हव्यात, म्हणजे छपाईचे वेळापत्रक यात्रेच्या तिथीवरून मागे मोजत यावे.

परगावच्या वाचकांसाठी टपालाचा खर्चही आता आवाक्यात आला आहे. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. २२४ पानांची डेमी प्रत, कागद ७० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे वजन ७० ग्रॅम) असेल, तर वेष्टनासह तीनशे ग्रॅमच्या आत बसते. ८० जीएसएमचा कागद घेतला तर ती सीमा हातची जाण्याचा संभव असतो, म्हणून कागद ठरवण्यापूर्वी त्याच कागदाच्या कोऱ्या नमुना प्रतीचे (डमीचे) वजन करून पाहावे. वितरकाला छापील किमतीच्या निम्म्यापर्यंत सवलत द्यावी लागते, असा माझा अनुभव आहे. समजा, तीनशे रुपयांच्या पुस्तकाला छपाईच एकशे चाळीस रुपये आली, तर आपल्या हाती दहा रुपये राहतात. म्हणून पहिल्या दोनशे प्रती वितरकाकडे न देता स्वतःच विकाव्यात.

ई-पुस्तकाबाबत एक सावधगिरी. किंडलवर मराठी पुस्तक लेखकाला २०१६ च्या अखेरीपासून स्वतः प्रसिद्ध करता येते. भारतातील विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ या किंडलच्या योजनेत नोंदवावे लागते, अन्यथा ३५ टक्के मिळते, आणि नोंदवले की ९० दिवस त्याची डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कोठेही असता कामा नये. नमुना म्हणून दहा टक्के मजकूर चालतो, छापील प्रतीवर बंधन नाही. तेव्हा ‘प्रतिलिपी’ या ऑनलाइन वाचनाच्या संकेतस्थळावर कादंबरी क्रमशः द्यायची की किंडलवर विकायची, हे आधी ठरवावे. क्रमशः देण्यात कमीपणा मुळीच नाही. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्याही १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्याने वाचकांपुढे आल्या होत्या.

माणदेशी

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. अनुदानासाठी अर्ज करतो आणि मधल्या काळात कादंबरी तिऱ्हाइताकडून तपासून घेतो. एकच शंका उरते. संवाद माणदेशी बोलीत आहेत. ‘हितं’, ‘कवा’, ‘आलूया’, ‘जातुया’ अशी रूपे मुद्रितशोधकाने प्रमाण करून टाकली तर चुलत्यांचा आवाजच जाईल.

अक्षरजुळणीकार

सर, अशी रूपे एका कागदावर अकारविल्हे लिहून काढावीत, प्रत्येकापुढे ‘असेच ठेवावे’ अशी नोंद करावी आणि ती यादी संहितेसोबत मुद्रितशोधकाला द्यावी. ती करताना आपण स्वतःच एका पानावर ‘हितं’ आणि दुसऱ्यावर ‘हिथं’ लिहिल्याचे आढळेल. त्यातले चुलत्यांच्या तोंडचे कोणते, हे शक्य असेल तर त्यांनाच वाचून दाखवून ठरवावे.