आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम : नुसती हवा, की खरंच काही आहे त्यात?

शनिवारचा

परवा कट्ट्यावर आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला आणि एकाने फटकन सांगून टाकलं, "पहिला अल्बम म्हणजे इंटरनेटने भरलेली हवा रे. आज कोण ऐकतं?" तेव्हा चहा पीत गप्प बसलो. घरी येऊन तेराच्या तेरा गाणी ओळीने ऐकली आणि आता गप्प बसवत नाहीये. म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या उत्तरेला हाय ग्रीन नावाचं उपनगर आहे. तिथल्या ॲलेक्स टर्नर आणि जेमी कुक या दोन शेजाऱ्यांना २००१ च्या नाताळात गिटारी मिळाल्या. मॅट हेल्डर्सच्या वाट्याला ड्रम आले, कारण बाकीची वाद्यं वाटून झाली होती. बेसवर अँडी निकल्सन. जून २००३ मध्ये शहरातल्या 'द ग्रेप्स' या पबात पहिला कार्यक्रम झाला. पुढे कार्यक्रमांत डेमोच्या सीडी फुकट वाटायचे. ऐकणाऱ्यांनी त्या नेटवर चढवल्या आणि अल्बम यायच्या आधीच गर्दीला गाणी तोंडपाठ! डॉमिनो कंपनीने २३ जानेवारी २००६ ला 'व्हॉटेव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आय ॲम नॉट' हा अल्बम काढला. पहिल्या आठवड्यात ब्रिटनमध्ये ३,६३,७३५ प्रती खपल्या. तिथल्या कुठल्याही बँडच्या पहिल्या अल्बमसाठी तो विक्रम होता. त्याच वर्षी सर्वोत्तम अल्बमचा मर्क्युरी पुरस्कारही मिळाला. 'हाइप' हा शब्द तेव्हा चिकटला तो चिकटलाच.

माझं म्हणणं असं, की हा अल्बम म्हणजे एका शनिवारच्या रात्रीची हकीकत आहे. दुपारपासून लागलेली हुरहुर, नाचायची जागा, दारावरचा आडदांड बाउन्सर, पोलिसांची गाडी, टॅक्सी, दुसऱ्या दिवशीचं जड डोकं. नावसुद्धा ॲलन सिलिटोच्या १९५८ च्या कादंबरीतून उचललंय. नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात आठवडाभर राबायचं आणि शनिवारी रात्री सुटायचं, अशा आर्थर सीटनची ती कथा. लोक मला जे काही म्हणतात, नेमका तोच मी नव्हे, असा त्या नावाचा अर्थ. (मराठी माणसाला 'तो मी नव्हेच' म्हटल्यावर भलतंच आठवतं, पण असो.)

मी निःपक्षपाती नाही हे आधीच कबूल करतो. २००७-०८ मध्ये शिकायला शेफील्डला होतो. पहिल्याच आठवड्यात बसचा ड्रायव्हर, चांगला पन्नाशीचा मिशाळ बाप्या, मला "लव्ह" म्हणाला. पुढचे दोन थांबे मी त्याचाच विचार करत होतो. तिथे सगळे सगळ्यांना म्हणतात हे नंतर कळलं.

तर टॅक्सीवरचं गाणं. सहा जण, ड्रायव्हर सहांना घ्यायला तयार नाही, त्यात कुणाच्या तरी हातात खाणं. पुढे प्रकरण बिनसतं. तिकडच्या टॅक्सीत दाराला कुलूप बसलं की लाल दिवा लागतो आणि मग ते आतून उघडत नाही. गाण्याचं नाव, 'रेड लाइट इंडिकेट्स डोअर्स आर सिक्युअर्ड', म्हणजे त्या दिव्याखालची सूचना! वेस्ट स्ट्रीटवरच्या त्या रांगेत मी फेब्रुवारीच्या थंडीत उभा राहिलोय. पुढच्या पोरींच्या अंगात स्वेटर नाही, मागच्याच्या हातात ग्रेव्ही ओतलेल्या चिप्स, आणि भांडण जागेवरून. चौथ्या सीटसाठी शेअर रिक्षावाल्याशी हुज्जत घातलेल्या कोणालाही ते गाणं कळावं. हे इतकं बारीक बघून विशीच्या आत कोणी लिहिलंय? असेल तर नावं सांगा.

कानसेन

शब्दांबद्दल वाद नाही. पण अल्बम कानाने ऐकायचा असतो, शनिवारचेराव, आणि कानाला तो छळतो. सगळा आवाज दाबून एकाच पातळीवर आणून ठेवलाय. झांजा, गिटार, गळा, सगळे एकमेकांच्या अंगावर. दादरच्या संध्याकाळच्या पुलासारखं. सहा-सात गाण्यांनंतर 'रायट व्हॅन' लागतं तेव्हा कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं, कारण तेवढ्या एका गाण्यात वाद्यांना श्वास घ्यायला जागा आहे.

आणि गिटारी? स्ट्रोक्सचा पहिला अल्बम २००१ चा, लिबर्टीन्सचा २००२ चा. वाट त्यांनी पाडली, ही पोरं त्या वाटेवरून जरा जास्त जोरात धावली. एक युक्ती तर मोजा : सगळं अचानक थांबवायचं, एक क्षण शांतता, मग धाडकन सुरू. पहिल्या गाण्यात मजा येते. दहाव्यात मी घड्याळ बघतो.

एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने तर त्याच सुमारास सर्वकाळच्या ब्रिटिश अल्बमांची यादी काढून याला पाचव्या क्रमांकावर बसवलं. बीटल्सच्या वर! शाई वाळली नव्हती हो कव्हरवरची. याला हवा म्हणायचं नाही तर कशाला?

ढोलकीवाला

कानसेनजी, पाचव्या क्रमांकाचं पाप साप्ताहिकाचं. त्याची शिक्षा बँडला कशाला?

'तेच ते' वाटणाऱ्यांनी एकदा शब्द, गिटार सगळं सोडून फक्त हेल्डर्स ऐकावा. तो हिपहॉप ऐकत वाढलेला आहे आणि ते कळतं. रॉकचा साधा ठेका धरून बसणं त्याला जमतच नाही. टर्नरही ओळी रॅपसारख्या कोंबतो, सुरापेक्षा तोंडाचा वेग जास्त. त्या कोंबलेल्या अक्षरांना धरून ठेवतो तो ड्रम. पहिल्या गाण्याच्या व्हिडिओत बँड नाहीच मुळी. उघड्यावर एक ड्रमर एकटा बसून वाजवत सुटलाय. अल्बमची नाडी कुठे आहे हे त्यांनाच कळलं होतं.

तुम्ही म्हणता ती थांबण्याची युक्ती मला समेवर येण्यासारखी वाटते. दहाव्यांदा आली म्हणून सम कंटाळवाणी होते का? (तबलावाले मारतील मला या तुलनेसाठी.)

मुक्ता

मला आवाजाबद्दल तक्रार नाही, नजरेबद्दल आहे.

शेवटचं गाणं 'अ सर्टन रोमान्स' घ्या. याला सगळे डोक्यावर घेतात. त्यात कोण आहे? विशिष्ट बूट घालणारी, 'पूल' या खेळाच्या काठ्या घेऊन मारामारीला उभी राहणारी, रिंगटोनपलीकडे संगीत न कळणारी पोरं. २००४-०५ च्या ब्रिटनमध्ये गरीब वस्तीतल्या पोरांना हिणवायला 'चॅव्ह' हा शब्द सर्रास होता. वर्तमानपत्रं, टीव्ही, सगळीकडे त्यांची टवाळी. हे गाणं त्याच टवाळीला चाल लावतं. आणि शेवटी काय, तर त्यांच्यातले काही माझे मित्र आहेत, म्हणून त्यांच्यावर रागावता येत नाही. म्हणजे ओळखीच्यांना माफी, बाकीचे गेले खड्ड्यात.

मुलींचं तर विचारूच नका. 'स्टिल टेक यू होम' मधली मुलगी नकली, उथळ, रंग फासलेली, आणि तरी हा तिला घरी न्यायला तयार. उपकारच केले! वीस वर्षांपूर्वी मीही त्यावर नाचले आहे. तेव्हा शब्द ऐकले नव्हते.

शनिवारचा

मुक्ता, मुलींबद्दलचं निमूट मान्य. त्या गाण्याची बाजू घ्यायला माझ्याकडे काही नाही.

पण शेवटच्या गाण्याबद्दल नाही पटत. वर्तमानपत्रवाले लांबून हसत होते. हा मुलगा त्याच रस्त्यावर, त्याच पबात, त्या पोरांच्या शेजारी उभा आहे. आधी नाकं मुरडतो, मोठ्या तोऱ्यात. मग गाणं जसं पुढे जातं तसा त्याचा तोरा उतरतो आणि हे आपलेच आहेत हे त्याला कबूल करावं लागतं. अठरा-एकोणीसच्या मुलाने स्वतःचा आगाऊपणा गाण्यातच पकडलाय. आणि लक्षात घे, तिथेच शब्द संपतात. त्यानंतर नुसत्या गिटारी वाजतात. सारवासारव करायला एकही ओळ नाही.

मुक्ता

गिटार वाजवली की सुटका. बरं आहे तुम्हा मुलांचं.

खडूसराव

तुम्ही सगळे 'अस्सलपणा' गृहीत धरून बोलताय. मला तिथेच शंका आहे.

'फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को' मध्ये टर्नर कोणाची टर उडवतो? अमेरिकन असल्याचा आव आणणाऱ्या स्थानिक बँडची. गप्पा सॅन फ्रान्सिस्कोच्या, आणि गडी शेफील्डमधल्याच हंटर्स बार भागातला. छान. मग २००९ च्या तिसऱ्या अल्बमसाठी हाच बँड कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. २०११ चा अल्बम लॉस एंजेलिसमध्ये. २०१३ पर्यंत टर्नर केस मागे चापून, चामड्याचं जाकीट घालून, एल्व्हिसच्या थाटात बोलायला लागला. त्या गाण्यातला थापाड्या पुढे तोच झाला की! आता हे आधी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या अल्बमचं सगळं भांडवल 'आम्ही इथले' हे आहे, त्याचं व्याज असं उधळलेलं बघून हसू येतं.

अवांतर : कव्हरवर सिगारेट ओढणारा मुलगा बँडचा मित्र. रात्रभर प्यायला पैसे दिले आणि पहाटे फोटो काढला. स्कॉटलंडच्या आरोग्य सेवेतल्या एका मोठ्या अधिकाऱ्याने त्या सिगारेटवरून नाराजीही दाखवली होती. अशी फुकटची जाहिरात कुठे मिळते?

वैदर्भीण

खडूसराव, विशीत कोणी लिहिलेलं चाळिशीत त्याच्याच गळ्यात अडकवायचं ठरलं, तर आपल्यापैकी कोणाचीही डायरी टिकणार नाही.

मला अल्बम आवडतो तो एका शब्दासाठी. 'मार्डी'. शेफील्डच्या बाजूला रुसक्या, फुगून बसणाऱ्या माणसाला म्हणतात. मी नागपूरहून पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिलं वर्षभर तोंड उघडायची चोरी होती. "काहून तोंड फुगवून बसली वं?" एवढं म्हटलं तरी वर्गात हशा. त्याच वर्षी होस्टेलच्या खोलीत कोणीतरी 'मार्डी बम' लावलं. अर्थ कळला नाही म्हणून शोधला. तो कुठल्याच शाळेत शिकवलेल्या इंग्रजीतला नव्हता. हा पोरगा 'समथिंग' ला 'समट' म्हणतो आणि लाखो लोक त्याच्याबरोबर 'समट' म्हणतात! त्याने शब्दाचा अर्थ कुठे समजावलेला नाही, माफीही मागितलेली नाही.

गिटार कोणाची चोरली वगैरे मला कळत नाही. त्या गाण्याची सुरुवात मात्र रुसलेल्या माणसाला मनवायला गेल्यासारखीच दबकत येते, एवढं कळतं.

नवा_गडी

मी एकोणीसचा. २०१३ च्या अल्बमवरून मागे मागे आलो. प्रामाणिक मत : पहिली पाच गाणी जबरदस्त, मग मधे दोन-तीन सारखीच वाटली, 'व्हेन द सन गोज डाउन' ला परत दचकलो. त्याची हळू सुरुवात ऐकून प्रेमगीत असेल वाटलं. निघालं भलतंच, सरावाच्या खोलीजवळच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांचं आणि त्यांच्याकडे येणाऱ्या नीच माणसाचं.

एक प्रश्न. रिंगटोनवर माणसं एवढी का चिडायची? फोन तर सायलेंटवरच असतो ना?

ढोलकीवाला

नव्या गड्या, तू भाग्यवान आहेस. आम्ही एसएमएस करून, पैसे मोजून रिंगटोन विकत घ्यायचो. लोकल ट्रेनमध्ये एकाचा वाजला की सहा जण खिसे चाचपायचे.

कानसेन

ढोलकीवाल्यांच्या सांगण्यावरून काल गाडीत फक्त ड्रमकडे लक्ष देऊन ऐकला. पनवेल ते ठाणे, वाहतूक कोंडीची कृपा, पूर्ण अल्बम दीड वेळा झाला. हेल्डर्सबद्दल शब्द मागे घेतो. गाडीच्या फाटक्या स्पीकरवर तो दाबलेला आवाजही कमी बोचला, कदाचित अशाच स्पीकरांसाठी केला असावा. पण समेची तुलना मंजूर नाही. समेवर येताना गायक वाटेत काहीतरी वेगळं करून येतो. हे दर वेळी त्याच दाराने येतात.

आणि पाचवा क्रमांक? अजूनही हसतोच आहे.

नवा_गडी

@शनिवारचा, टॅक्सीच्या गाण्यातला सहावा माणूस शेवटी बसतो का आत?

शनिवारचा

छे. हातात खाणं असल्यावर तर मुळीच नाही. गाण्यातल्या पोरांचं खरं दुःखही वेगळंच आहे : नाही म्हणायचं तर म्हण, पण खेकसतोस कशाला?

आमच्यात सहावा बहुतेक वेळा मीच असायचो. ब्रूमहिलपर्यंत सगळा चढ, रात्रीचे अडीच, आणि चिप्स पहिल्याच वळणाला गार.