मदत हवी आहे: 'काप्वा'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्राचा लघुप्रबंध मराठीतून लिहितेय. विषय आहे फिलिपाइन्समधलं 'सिकोलोहियांग पिलिपिनो' (फिलिपिनो माणसाच्या नजरेतून आणि त्याच्या भाषेतून उभं राहिलेलं मानसशास्त्र), आणि एका शब्दापाशी गाडी तीन आठवडे अडून बसली आहे.

थोडी पार्श्वभूमी. ही शाखा उभी करणारे विर्जिलिओ एन्रिकेझ १९७१ साली अमेरिकेतून डॉक्टरेट करून फिलिपाइन्स विद्यापीठात परतले. फिलिपिनो माणसाचा स्वभाव म्हणजे 'हिया' (लाज, भीड), 'उतांग ना लोओब' (उपकाराची जाण) आणि 'पाकिकिसामा' (जुळवून घेणं), अशी मांडणी तोवर फ्रँक लिंच वगैरे अभ्यासकांनी केली होती. एन्रिकेझ म्हणाले, हे सगळं वरवरचं, इंग्रजी प्रतिशब्दांच्या चष्म्यातून पाहिलेलं. मुळाशी आहे 'काप्वा'. म्हणजे मी आणि समोरचा मुळात वेगळे नाही, ही जाणीव.

आता माझी पंचाईत. 'इतर' लिहावं, तर एन्रिकेझना नेमकं तेच नको होतं. इंग्रजीत 'इतर' म्हटलं की 'मी' बाजूला पडतो, काप्वात तो आतच असतो. 'आपलं माणूस' गोड आहे, पण त्यामुळे परका बाहेर जातो. काप्वात 'इबांग-ताओ' (परका) आणि 'हिंदी इबांग-ताओ' (परका नसलेला) दोघंही येतात. (तिथे 'हिंदी' म्हणजे 'नाही', यावर वर्गात बराच हशा झाला.) टागालोग (हे सगळे शब्द ज्या फिलिपिनो भाषेतले आहेत ती) बायबलात 'शेजाऱ्यावर प्रीती कर' या वचनात 'काप्वा' आहे, म्हणून 'शेजारी' करून पाहिलं, पण मराठीत शेजारी म्हटलं की भिंत आलीच. गाईडनी 'सहमानव' सुचवलं. मला तो सरकारी परिपत्रकातला वाटतो.

शिवाय एन्रिकेझनंतर कुणाला वाचू? १९९४ साली ते गेले, त्यापुढे माझी यादी रिकामी आहे.

प्रतिसाद

काप्वा तसाच ठेवा. बाहेरची संकल्पना घेऊन तिला स्थानिक शब्द चिकटवायचा, हे 'बाहेरून देशीकरण' एन्रिकेझना अपुरं वाटायचं. तुम्ही काप्वाला मराठी टोपी घातलीत तर तेच होईल, फक्त माल अमेरिकेऐवजी मनिलाहून आलेला.

पण 'पगतातानोंग-तानोंग' या त्यांच्या संशोधन-पद्धतीला आपल्याकडे आयता शब्द आहे: विचारपूस! 'तानोंग' म्हणजे प्रश्न. रोहेलिया पे-पुआ यांचा या पद्धतीवरचा १९८९चा लेख जरूर वाचा. प्रश्नावली हातात घेऊन बसायचं नाही, गप्पांच्या ओघात विचारायचं, आणि समोरच्यानेही उलटं विचारलं तर उत्तर द्यायचं. 'लग्न झालं का? पगार किती?' सकट. पे-पुआ आणि प्रोतासिओ-मार्सेलिनो यांनी २००० साली एन्रिकेझच्या कामाचा आढावा लिहिला, तुमच्या प्रकरणाला तो कणा म्हणून चालेल.

आल्फ्रेदो लागमाय यांचं 'बहाला ना'वरचं कामही सोडू नका. 'होईल ते होईल' याला दैववाद ठरवलं गेलं होतं. लागमायनी दाखवलं की पुढचं काही दिसत नसताना पाऊल टाकायचं बळ माणूस त्यातून गोळा करतो. आपल्याकडे 'बघू काय होतंय ते' म्हणत भांडवल घालणाऱ्या माणसाला दैववादी म्हणाल का?

अलीकडचं हवं तर ई. जे. आर. डेव्हिड. त्यांनी सुमी ओकाझाकींबरोबर २००६मध्ये फिलिपिनो अमेरिकनांमधली वसाहती मानसिकता मोजायची मापनश्रेणी मांडली. एन्रिकेझच्या चळवळीला मापनश्रेणी कितपत रुचली असती, हा वाद तुमच्या प्रबंधात शोभेल. (एन्रिकेझनी स्वतःही व्यक्तिमत्त्व-चाचणी बनवली होती, हे विसरू नका.)

आणि टीका लिहा. सगळे शब्द टागालोग, मग विसाया किंवा मिंदानाव या वेगळ्या भाषांच्या प्रदेशांतल्या माणसांचं काय? विसायातल्या सेबुआनो भाषेत काप्वाच्या जवळचा 'इसिगकातावो' आहे. राजधानीची भाषा हीच देशी, असं धरलं की घोळ होतोच.

धागाकर्ती

खूप आभार! विचारपूस तर डोळ्यांसमोरच होती. विसायाचा मुद्दा गाईडना दाखवला, त्यांनी वेगळं प्रकरण करायला सांगितलंय, म्हणजे काम वाढलं.

काप्वा ठेवतेय. पण आता नवी अडचण: तो काप्वा, ती काप्वा की ते काप्वा? टागालोगमध्ये 'तो' आणि 'ती' दोघांनाही 'सिया', त्यामुळे तिकडून मदत नाही. आणि 'काप्वाला' लिहू की 'काप्व्याला'? व्याकरणवाल्यांनी कृपया यावं.