सहावा महिना: पोट साफ होत नाही, रात्री जळजळ, त्यात पावसाळा. काय द्यावं, काय टाळावं?

ऐरोलीची_थोरली
धाकट्या जावेला २४वा आठवडा लागलाय. गेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं, म्हणून रोज १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी आहे, शिवाय कॅल्शियम ५०० च्या दोन. विसर पडू नये म्हणून तिन्ही गोळ्या रात्री जेवल्यावर दुधाबरोबर एकदमच घेते. तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही, होतं तेव्हा खडा आणि काळं. आडवी झाली की घशाशी येतं, मग सोड्याची पुडी पाण्यात टाकून पिते.

विचारायचं ते असं. गोळी बंद करून बीट, खजूर, गूळ यांवर भागेल का? सासूबाई एरंडेल द्या म्हणतात, द्यावं का? आमच्याकडे आठवड्यातून तीन-चारदा मासे असतात, सध्या कुठले चालतील? आणि पाणीपुरीचे डोहाळे लागलेत, त्याचं काय करू? पपई-अननसावर भांडण नको, ते इथे भरपूर झालंय.

थाळीमापक
आधी गोळ्यांच्या वेळा बदला, निम्मं दुखणं तिथेच आहे. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी पोटात गेले की कॅल्शियम लोहाला अडवतं, वर दूध म्हणजे आणखी कॅल्शियम. अंगी न लागलेलं लोह आतड्यातच राहतं. त्यामुळे हिमोग्लोबिन रेंगाळतं आणि शौचाचा त्रासही वाढतो.

साधारण असं बसवा. सकाळचा चहा ७ ला, हवाच असेल तर. ८:३० ला नाश्त्याबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी (कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते अन्नाबरोबरच नीट जिरतं). ११ ला लोहाची गोळी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहा, कॉफी, दूध, ताक काही नाही. १२:३०-१ ला जेवण. कॅल्शियमची दुसरी गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी लोहाने मळमळत असेल तर ती दुपारच्या जेवणानंतर घ्या, पण मग त्या जेवणात दही-ताक नको. थोडं कमी जिरेल, पण उलटून पडण्यापेक्षा बरं.

गोळी स्वतःहून बंद करायची नाही. बिटाचा लाल रंग लोहाचा नाही. १०० ग्रॅम बिटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. गुळात त्याहून जास्त असतं, पण पुरेसं लोह मिळेल इतका गूळ खाल्ला तर साखरेची तपासणी बिघडेल. ती ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करतात, म्हणजे तुमच्याकडे आत्ताच. त्रास तरीही राहिला तर डॉक्टरांना सांगा; ते मात्रा कमी करतात, लोहाचा प्रकार बदलतात, एक दिवसाआड देतात किंवा शिरेतून लोह देतात. शौच काळं होणं या गोळीने होतंच. डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर मात्र दाखवा.

आता बद्धकोष्ठता. या दिवसांत प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि आतड्याचे स्नायू सैलावतात. अन्न सावकाश पुढे सरकतं, मोठं आतडं त्यातलं पाणी जास्त शोषून घेतं आणि खडा होतो. अन्ननलिकेच्या तळाची झडपही त्याच कारणाने ढिली पडते, म्हणून जळजळ.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते सुमारे १० ग्रॅम असतात, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम ३. ज्वारीची किंवा नाचणीची एक भाकरी म्हणजे ५-६ ग्रॅम, मध्यम पेरू म्हणजे ८ च्या आसपास. वाटीभर उसळ, दोन वाट्या भाजी आणि रात्री भिजवलेले २-३ सुके अंजीर धरले की हिशोब पुरा होतो. पोळीचं पीठ चाळून कोंडा फेकत असाल तर ते थांबवा. मात्र तंतू एकदम वाढवू नका, आठवड्याभरात हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगेल. पाणी दोन ते अडीच लिटर, दिवसभरात विभागून. पाणी कमी आणि तंतू जास्त झाले तर उलट घट्ट होतं.

कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल ठेवून गुडघे कंबरेच्या वर आणा. कुंथायचं नाही, मूळव्याध याच महिन्यांत सुरू होते.

जळजळीसाठी तीन जेवणांची सहा करा, रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी संपवा, डाव्या कुशीवर झोपू द्या. उशांचा डोंगर करून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं आणि आम्ल आणखी वर येतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ५-६ इंचाचे ठोकळे द्या.

गोळीघर
वरच्या वेळापत्रकाशी सहमत. औषधांपुरतं लिहितो.

एरंडेल नाही. ते आतड्याला जोरात ढवळतं आणि त्याने गर्भाशयही आकुंचन पावू शकतं. ‘पोटसाफ’ चूर्णांचा डबा उलटा करून घटक वाचा. सोनामुखी, निशोत्तर, एरंड यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं; सोनामुखी हे रेचकच आहे, डबा कुठलाही असो.

इसबगोल चालतं, ते रक्तात जात नाही. पहिले दोन-तीन दिवस चहाचा एक चमचा, मग दोन. भरलेल्या ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, खळ होईपर्यंत थांबायचं नाही. वर अर्धा ग्लास पाणी. चमचाभर इसबगोल दोन घोट पाण्याबरोबर गिळलं तर ते आत फुगून अडकतं, आणि मग लोक म्हणतात इसबगोलने त्रास वाढला. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. त्यानेही नाही झालं तर डॉक्टर सहसा लॅक्ट्युलोज लिहून देतात, तेही सुरक्षित आहे.

सोड्याची पुडी बंद. त्यात सोडियम भरपूर असतं. अंगावर सूज आणि रक्तदाब असलेल्यांनी तर हातही लावू नये. त्याऐवजी मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं पांढरं पातळ औषध मिळतं, जेवणानंतर आणि झोपताना, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. त्यातलं ॲल्युमिनियम पोट घट्ट करतं, मॅग्नेशियम सैल करतं, म्हणून दोन्ही असलेलंच घ्या. लोहापासून हेही दोन तास लांब. रोज लागत असेल तर फॅमोटिडीन किंवा पॅन्टोप्राझोल डॉक्टर देऊ शकतात, काउंटरवरून मागून घेऊ नका.

आणि जुलाब झाले तर पाकिटातली ओआरएस: मोठं पाकीट एक लिटरमध्ये पूर्ण, अर्धं-अर्धं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. जुलाब बांधणारी गोळी नको. ‘ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल द्या’ म्हणून बरेच जण मागायला येतात. गरोदरपणात ती स्वतःच्या मनाने घ्यायची गोष्टच नाही.

दिवाळे_बंदर
माशांचं मी सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते. त्यामुळे या दोन महिन्यांत बाजारात जे मोठं पापलेट, सुरमई दिसतं ते बहुतेक बर्फातलं जुनं किंवा बाहेरच्या राज्यातून आलेलं असतं. ताजं म्हणून जे मिळतं त्यात खाडीचं बरंच असतं.

खाडीच्या तिसऱ्या, कालवं, खुबे असले शिंपले या बाईला देऊ नका, कितीही शिजवले तरी. शिंपलीतला जीव पाणी गाळून पोट भरतो. ठाण्याच्या खाडीत शहराचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्याचं कारखान्यांचं पाणी येतं. त्यातलं सगळं त्याच्या अंगात साठतं. जंतू उकळून मरतात, धातू मरत नाहीत.

मोठे शिकारी मासे म्हणजे पारा जास्त: मोरी, मुशी (म्हणजे शार्क) नकोच, कुपा (ट्यूना) आणि मोठी सुरमई क्वचित. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, लहान पापलेट चांगले. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पुरे. माशाबरोबर खाल्लेल्या भाजी-डाळीतलं लोहसुद्धा जास्त अंगी लागतं, तेव्हा कालवणासोबत पालेभाजी ठेवा.

बांगडा घेताना नीट बघा. बर्फाशिवाय पाटीत पडून राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं. तळून, उकळून ते जात नाही, तोंड लाल होतं, डोकं धरतं, उलट्या होतात. डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खळगा भरून येणारा घ्या. सुकट, सुके बोंबील यांत मीठ फार. चालतील, पण रोज नाही, आणि पाय सुजले असतील तर बंदच.

एएनसी_वॉर्ड
पाणीपुरीवर येते, कारण पावसाळ्यात हे सगळ्यात गंभीर आहे. हिपॅटायटिस ई दूषित पाण्यातून येतो. इतरांना ती साधी कावीळ; गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, यकृत निकामी होण्याचा धोका असतो आणि अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण २०-२५ टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलंय. लागण होऊन लक्षणं दिसायला दोन ते आठ आठवडे जातात. त्यामुळे ‘काल खाल्लं, काही झालं नाही’ याला काही अर्थ नाही. हिपॅटायटिस ए ची लस घेतली असली तरी ती ई पासून वाचवत नाही.

बाहेरचं पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, ओली हिरवी चटणी: या मोसमात नाहीच. कढईतून समोर काढलेला वडा आणि लसणीची सुकी चटणी चालेल. तव्यावरचा गरम रगडा चालेल. नारळ समोर फोडलेला असेल तर उत्तम. पाणीपुरी घरी करा: उकळून गार केलेलं पाणी, पुदिना-कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली एकेक काडी धुऊन, रगडा गरम.

महापालिकेचं पाणी शुद्ध करूनच येतं, बिघडतं ते सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत. पाऊस तुंबला की गटाराचं पाणी झाकणातून आत जातं. टाकी कधी धुतली हे सेक्रेटरींना विचारा. शंका असेल तर पाणी खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. रुळांकडेच्या मळ्यातली पालेभाजी कोशिंबिरीत नको, शिजवूनच.

आता ज्या गोष्टी ‘ॲसिडिटी’ किंवा ‘वायू’ म्हणून घरी काढल्या जातात त्या. २० आठवड्यांनंतर उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखतंय, आम्लाच्या औषधाने थांबत नाही, सोबत डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे चमकतं किंवा चेहरा सुजतो: हा रक्तदाबाचा आणि यकृताचा त्रास असू शकतो. त्याच दिवशी, रात्री असेल तर रात्रीच, रुग्णालयात जाऊन रक्तदाब बघा. १४०/९० किंवा वर असेल तर घरी परत आणायचं नाही. पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजतात, तर यकृताच्या तपासण्या. पोट ठरावीक अंतराने घट्ट होतंय आणि कंबर भरून येतेय, तर तो वायू नसून वेळेआधीच्या कळा असू शकतात. बाळाची हालचाल कमी वाटली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, किंवा २४ तास पाणीसुद्धा टिकत नसेल तरी वाट बघू नका.

ऐरोलीहून वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जे लवकर गाठता येईल ते, गाडीसाठी १०८. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी असते, हिमोग्लोबिन तिथेही बघतात.

ऐरोलीची_थोरली
गोळ्यांच्या वेळा आजच फ्रिजवर लिहून लावल्या. अजून दोन. एकादशीला ती उपास धरणार म्हणते, भगर-साबुदाणा चालेल का? आणि उरलेला भात सकाळी फोडणीला टाकतो तो?

थाळीमापक
निर्जळी उपास नको. साबुदाण्यात तंतू जवळपास नाहीत, तीन दिवस पोट अडलेल्या बाईला तो नेमका नको. राजगिरा, रताळं, भोपळ्याची भाजी, फळं, दूध द्या. भगर पावसाळ्यात बुरशी धरते आणि तिच्या विषबाधा आपल्याकडे होत आल्यात, त्यामुळे बंद पाकिटातली, ताज्या तारखेची, निवडून-धुऊन, त्याच दिवशी शिजवून गरम. दळून ठेवलेलं भगरीचं पीठ अजिबात नाही. लोहाची गोळी त्या दिवशीही घ्यायची, फक्त काहीतरी खाल्ल्यावर.

भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर नाही. त्यात वाढणारा जंतू जे विष सोडतो ते फोडणीच्या आचेनेही जात नाही. तासाभरात पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये टाकला असेल, तर सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच. मोड आलेली मटकी कच्ची नको, उसळ करा. तर्री मात्र जळजळ थांबेपर्यंत वरून काढून ठेवा.

दिवाळे_बंदर
आणि उपास सोडताना दुसऱ्या दिवशी थेट तळलेला बांगडा नको, आधी आमटी-भात.