हौसेखातर शेळी पाळावी का? माझं मत, नको

ओसरी: दोन वर्षं एक शेळी पाळली, दुधासाठी नाही, निव्वळ हौस. उजाडायच्या आत ओरडणं सुरू, कुंपणाच्या जाळीवर पुढचे पाय टेकून टेकून ती पार वाकवली, लिंबाच्या रोपाला एक शेंडा ठेवला नाही. जीव लावायची हे खरं, हाक मारली की धावत यायची, पण शेवटी एका कळपवाल्याला देऊन टाकली. घरात पाळायचा प्राणी नाही हा.

रानपाला: अजिबात पटलं नाही. एकटीच ठेवली होती ना? शेळी कळपातली, एकटी पडली की ओरडणारच, त्यात तिचा काय दोष. आमच्याकडे दोघी आहेत, दुपारी एकमेकींना टेकून रवंथ करत बसतात, आवाज फक्त खायच्या वेळेला. आणि शेंड्यांचं म्हणाल तर तिला गाईसारखं खाली मान घालून चरण्यापेक्षा मान वर करून पाला ओरबाडायला आवडतं, रोज फांद्या उंच बांधून द्या, रोपांना जाळी लावा. कण्हेर मात्र आसपाससुद्धा नको, विषारी असते.

दावं: दोन पाळा म्हणणं सोपं आहे हो, पण १२-१५ वर्षं जगतात त्या. दर ६-८ आठवड्यांनी खुरं कापा, लसी चुकवू नका, खालची पापणी ओढून बघत राहा, आतून पांढरी पडली म्हणजे बहुतेक जंतांनी रक्त ओढलंय. माझ्या एका पाटीने, म्हणजे तरण्या शेळीने, रात्री धान्याचं पोतं फोडलं आणि पोटभर खाल्लं, ते पोटात आंबलं, डॉक्टर येईपर्यंत गेली. अजून ते पोतं डोळ्यासमोर येतं.

रानपाला: वाईट वाटलं वाचून. आम्ही धान्य कुलपात ठेवतो. पण करडू जन्मल्यावर तासाभरात धडपडत उभं राहतं आणि आईला ढुसण्या देऊन दूध शोधतं ना, ते एकदा बघितलं की एवढ्या कष्टांचं काही वाटत नाही.

दावं: आणि बोकड झाला तर? वयात आला की स्वतःच्याच दाढीवर मुततो, वास जात नाही. खच्ची केला आणि धान्य जास्त झालं तर मुतखडा. हौशी लोक ह्याचा विचारच करत नाहीत, राग त्याचा येतो.

ओसरी: जागा एकीपुरतीच होती, त्यामुळे मत तेच आहे. पण रानपाला म्हणतात ते एकटेपणाचं खरं असावं. मागच्या महिन्यात तिला बघायला गेलो होतो, तासभर थांबलो, एकदाही ओरडली नाही. हाक मारल्यावर मान वर करून बघितलं आणि परत बाकीच्यांबरोबर पाला खायला लागली.